आयर्विनला किती?

"आई, मी ठीक आहे. आधी एवढं वाच, मग बातम्या बघ."

१५ जुलै २०२१, सकाळचे सात. जर्मनीत तेव्हा पहाटेचे साडेतीन. लेक आखेनला शिकायला गेल्याला पावणेदोन वर्षं होऊन गेली होती आणि एवढ्या दिवसांत तिनं मला अशा अडनिड्या वेळी कधी काही पाठवलं नव्हतं. मी टीव्ही लावला तर आपल्या वाहिन्यांवर राजकारण चाललेलं. दुपारनंतर चित्रं यायला लागली. आर नदीच्या खोऱ्यात घरंच्या घरं गेलेली, गाड्या एकमेकींवर चढलेल्या. त्या पुरात जर्मनीत १८० हून जास्त माणसं गेली. आखेनशेजारी श्टोलबर्ग नावाचं गाव आहे. तिथली एरवी ओढ्याएवढी दिसणारी नदी गावच्या पेठेतून वाहिली.

त्या श्टोलबर्गला लेकीची एक मैत्रीण राहत होती. भाडं कमी म्हणून तळघरातली खोली. आदल्या दिवशी जिन्यात घरमालकानं एक चिठ्ठी लावली होती, जर्मनमध्ये, हातानं लिहिलेली. मैत्रिणीला वाटलं, कचऱ्याच्या डब्यांबद्दल असेल. संध्याकाळी तिनं सहज म्हणून चिठ्ठीचा फोटो लेकीला पाठवला. लेकीनं ती अर्धीमुर्धी लावली आणि लगेच फोन केला, "कपडे राहू देत, पासपोर्ट आणि लॅपटॉप घे आणि वर जा. वरच्या मजल्यावर कोण राहतं? ओळख नसली तरी दार वाजव."

मी नंतर विचारलं, तुला एवढं कसं सुचलं? तर म्हणाली, "आई, हरिपूरची पेवं."

आमच्या सांगलीशेजारच्या हरिपुरात हळद जमिनीखाली साठवायची, खोल पेवांत. वर्षानुवर्षं हळद आत सुखरूप राहायची. २००५ च्या पुरात पाणी पेवांत शिरलं आणि पोत्यांच्या पोत्यांची माती झाली. लेक तेव्हा सात-आठ वर्षांची, आजोबांचं बोट धरून ते बघायला गेलेली. तो वास तिच्या डोक्यात राहिला. जमिनीखाली पाणी शिरलं की काय होतं, हे तिला हळदीनं शिकवलं होतं. जर्मनीतल्या त्या पुरात बरीच माणसं तळघरांत अडकून गेली, हे आम्हाला पुढं कळलं.

आता मी जे सांगणार आहे त्यात माझा स्वतःचा मोठेपणा काही नाही, उलटच आहे.

सांगलीत पुराची भाषा फुटांची आहे. १९२९ सालच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी मोजतात आणि पावसाळ्यात भाजीवालीपासून डॉक्टरांपर्यंत सगळे एकमेकांना एकच विचारतात, आयर्विनला किती? तीस म्हटलं की सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, कर्नाळ रोडची माणसं गाठोडी बघायला लागतात. चाळीस ही इशारा पातळी, पंचेचाळीस धोक्याची. मधल्या एकेका फुटाला कुणाची पायरी, कुणाचा उंबरा, एखाद्या दुकानाचं शटर ठरलेलं. आमच्या गावभागातल्या बोळात पाणी पंचेचाळीसला डोकावतं, म्हणून आमच्या घरी बेचाळीसला सिलिंडर वर जातो आणि तेलाचे डबे माळ्यावर. कोयनेतून किती सोडलं हे ऐकलं की उद्याचं पाणी मनात मोजता येतं. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचं नाव निघालं की मात्र मोजमाप थांबतं आणि भांडण सुरू होतं.

हे आम्हाला शाळेत कुणी शिकवलं नाही. आणि म्हणूनच आमची अशी समजूत असते की हे सगळ्यांनाच ठाऊक असतं.

२०१९ साली मी ज्या कॉलेजात शिकवत होते, तिथल्या आपत्ती व्यवस्थापन समितीत माझं नाव होतं. समिती म्हणजे एक फाईल. फाईलमध्ये वाळूच्या लाल बादल्यांचा फोटो, आग विझवायच्या नळकांड्याचा फोटो आणि मॉक ड्रिलचा फोटो. ड्रिलमध्ये मुलं हसत हसत जिना उतरताना दिसतात. तपासणीला येणाऱ्या समितीला हे फोटो आवडायचे. ती फाईल मी तयार केली होती, त्यामुळं तिच्याबद्दल बोलायचा मला हक्क आहे.

ऑगस्ट उजाडला तो पाऊस घेऊनच. सुट्टी जाहीर झाली. वसतिगृहातली मुलं मिळेल त्या एसटीनं आटपाडीला, जतला, पंढरपूरकडं आपापल्या गावी गेली. कुणीतरी रजिस्टरमध्ये लिहिलं, 'वसतिगृह रिकामे'. त्याखाली सही झाली. ती सही माझी नव्हती, पण असती तर मीही केलीच असती.

तिसऱ्या मजल्यावर नेपाळची दोन मुलं होती.

नेपाळच्या माणसाला भारतात यायला व्हिसा लागत नाही, १९५० चा करार आहे दोन देशांत. बाकी परदेशी विद्यार्थ्यांच्या व्हिसाचे कागद कॉलेजात असत, यांची ती भानगड नव्हती. त्यामुळं आमच्या 'परदेशी विद्यार्थी' या फाईलमध्ये ती दोघं नव्हती. आणि गावी जायला त्यांचं गाव एसटीच्या फलकावर नव्हतं. परकीही नाहीत, घरचीही नाहीत, अशी ती दोन फायलींच्या फटीत राहून गेली.

रिक्षातून भोंगा फिरत होता. 'पूररेषेतील नागरिकांनी तात्काळ सुरक्षित स्थळी स्थलांतरित व्हावे.' ते मराठी तर मलाही अवघड जातं. त्या मुलांना वाटलं निवडणुकीचा प्रचार. ऑक्टोबरात विधानसभा होती, भोंगे फिरायची सवय झालेली, त्यांचं काय चुकलं? खाली वॉचमन घाईत ओरडून गेला होता, "पाणी चाळीसला आलंय, बघा रे!" त्यावर दोघांनी काय चर्चा केली ते त्यातल्या एकानं मला नंतर सांगितलं. "मॅडम, आम्हाला वाटलं चाळीस म्हणजे चाळीस टक्के. अजून साठ बाकी आहेत."

२५ एप्रिल २०१५ ला, नेपाळच्या मोठ्या भूकंपाच्या वेळी, ही मुलं शाळकरी वयाची होती. जमीन हलली तर काय करायचं ते त्यांना माझ्यापेक्षा शंभर पटींनी जास्त कळत होतं. पहिल्या वर्षी एकदा शेजारच्या बांधकामावर काहीतरी दणकन आदळलं, तेव्हा वर्गातली एवढी मुलं खिडकीकडं धावली आणि ही दोघं बाकाखाली. सगळे हसले होते. मीही. इकडं कोयनेचा १९६७ चा भूकंप आमच्या आईच्या पिढीनं अंगणात झोपून काढला, पण त्यातलं आमच्यापर्यंत गोष्टींपलीकडं काही उतरलं नव्हतं. प्रत्येकाची भीती आपापल्या गावची असते. दुसऱ्याच्या गावात ती कामाला येत नाही आणि तिथली नवी भीती कुणी हातात देत नाही.

पाण्यानं त्या वर्षी आयर्विनला ५७ फूट ओलांडले. २००५ ला ५३ च्या वर गेलं होतं, म्हणून सगळ्या शहाण्या माणसांनी ५३ धरून सामान वर ठेवलेलं. ते सगळं भिजलं. आम्ही विश्रामबागला नणंदेकडं. वीज नाही, नळाला पाणी नाही, चोहीकडं पाणीच पाणी. ८ ऑगस्टला ब्रह्मनाळहून बातमी आली. माणसं बाहेर काढणारी बोट उलटली, १७ जणांचा जीव गेला. त्या दिवसानंतर बोटीत बसायलाही माणसं घाबरायला लागली. ज्या वस्तूनं वाचायचं तिचीच भीती.

आणि तेव्हाही माझ्या डोक्यात ती दोन मुलं नव्हती. हे मला लिहिलंच पाहिजे.

ज्यांच्या डोक्यात होती त्या आमच्या मेसच्या मावशी. एका शाळेत पूरग्रस्तांची सोय केली होती, तिथं त्याही होत्या आणि सवयीनं चुलीपाशीच होत्या. रात्री भाकऱ्या थापता थापता त्या मध्येच थांबल्या म्हणे. त्यांचा हिशेब असा असायचा, की जतची पोरं चार खातात, कोकणातला एक दोनच खातो, नेपाळची दोघं तीन-तीन. कोण गावी गेलं ते त्यांना पोरं स्वतः सांगून जात, कारण तेवढा पीठ-भाकरीचा फरक पडायचा. दोघांनी सांगितलेलं नव्हतं. मावशींनी उठून एका पोलिसाला धरलं, "साहेब, माझी दोन पोरं कमी हाईत." त्यानं विचारलं, तुमची? "माझीच म्हणा की. सहा भाकरीची हाईत." तिथून फोन प्राचार्यांना, प्राचार्यांचा मला, माझा आणखी कुणाला. दुसऱ्या दिवशी दुपारी जवानांच्या बोटीनं दोघांना गॅलरीतून उतरवून घेतलं. बिस्किटं संपली होती. पावसाचं पाणी बादलीत धरून पीत होती. बोटीत चढायच्या आधी एकानं लाइफ जॅकेट मागून घेतलं, हे मात्र त्यानं बरोबर केलं.

समिती, फाईल, रजिस्टर आणि सही एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला भाकऱ्यांचा हिशेब.

त्याच सप्टेंबरात लेक जर्मनीला गेली. तिचा पासपोर्ट, व्हिसाचे कागद, प्रवेशाचं पत्र, सगळं पुराचे दिवस हळदीच्या जाड प्लास्टिक पिशवीत माझ्या पोटाशी होतं. विमानतळावर तिला सोडताना मी 'जपून राहा' म्हटलं, आणि म्हणता म्हणता जाणवलं, की हे म्हणजे 'सुरक्षित स्थळी स्थलांतरित व्हावे'सारखंच झालं. त्याचा अर्थ काय घ्यायचा पोरीनं? मग घरी येऊन फोनवरच तिला प्रश्न विचारत सुटले. तुझी मावशी कोण तिथं? म्हणजे, तू संध्याकाळी आली नाहीस तर कुणाची भाकरी उरणार? तिला आधी कळेना, मग हसली, मग बराच वेळ गप्प. दोन महिन्यांनी तिनं एक नाव सांगितलं, विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयातल्या बाईंचं. त्यानंतर मजल्यावरच्या एका तुर्की मुलीचं. तेव्हा मला जरा झोप लागली.

परगावच्या पोरांची काळजी हे काम काही देशांनी लिहून काढलंय. न्यूझीलंडमध्ये परदेशी विद्यार्थी घेणाऱ्या संस्थांवर त्याची रीतसर आचारसंहिता बंधनकारक आहे. मुलाचा आणि त्याच्या घरच्यांचा संपर्क अद्ययावत ठेवणं हे त्यात येतं. त्या देशानं किंमतही मोजली आहे. २२ फेब्रुवारी २०११ ला दुपारी १२ वाजून ५१ मिनिटांनी क्राइस्टचर्च हादरलं, १८५ माणसं गेली, त्यातली ११५ एकाच सहामजली इमारतीत. त्या इमारतीत इंग्रजी शिकवणारी शाळा होती आणि वर्गात परदेशातून आलेली मुलं बसली होती. अशा वेळी वर्गात नेमकं कोण बसलं होतं, हे दूरदेशीच्या आईबापांना कुणाला विचारता येतं? हजेरीपटालाच.

पण हजेरीपट दुसऱ्या बाजूनंही कापतो. ते मी माझ्या भाच्यामुळं शिकले.

धाकटी बहीण तासगावला. तिचा मुलगा युक्रेनमधल्या खारकीव्हला डॉक्टरकी शिकत होता. फेब्रुवारी २०२२. आपल्या दूतावासानं १५ तारखेला सांगितलं, राहायची गरज नसेल तर तात्पुरतं निघा. २० ला पुन्हा, जरा जोर देऊन. मी त्याला फोन केला तर म्हणाला, "मावशी, कॉलेज म्हणतंय वर्ग चालू आहेत. बुडालेला प्रत्येक तास भरून द्यावा लागतो. ऑनलाइनचं पत्र आलं की निघतो." हजारो मुलं तेच पत्र आज येईल उद्या येईल करत बसली होती. शेवटी २२ तारखेला दूतावासाला स्पष्ट सांगावं लागलं, की ऑनलाइन वर्गांच्या अधिकृत निर्णयाची वाट न बघता निघा. तिकिटांचे दर तोवर आभाळाला. भाच्याला २६ चं तिकीट मिळालं. २४ ला पहाटे युद्ध सुरू झालं आणि आकाशच बंद.

मी शिक्षिका आहे. पंच्याहत्तर टक्क्यांच्या हजेरीसाठी मी मुलांना परीक्षेला बसू न देण्याची धमकी पंचवीस वर्षं दिली आहे. भाचा भुयारी रेल्वेच्या फलाटावर झोपला त्या रात्री मला माझंच रजिस्टर आठवत होतं. जगभरच्या कॉलेजांनी प्रवेशाच्याच दिवशी मुलांना एक वाक्य लेखी द्यावं असं मला तेव्हापासून वाटतं. जिवाला धोका वाटला तर निघून जा, हजेरीचं आम्ही बघू. बाकीच्या पुस्तिका नंतर छापा.

२ मार्चला सांगितलं गेलं, खारकीव्ह सोडा, गाडी मिळाली नाही तर चालत निघा, संध्याकाळी सहाच्या आत पेसोचिन, बाबाय किंवा बेझल्युदोव्का गाठा. अकरा, बारा, सोळा किलोमीटर. भाचा पेसोचिनपर्यंत चालला, बर्फातून. इकडं तासगावात बहीण दर दहा मिनिटांनी फोन लावत होती. तो उचलायचा, कारण आईचा फोन. फोनची बॅटरी बावीस टक्क्यांवर आली तेव्हा त्यानंच रडकुंडीला येऊन सांगितलं, "आई, तू फोन नको करूस, मीच करतो." बहीण दुखावली. आजही कधी कधी बोलून दाखवते. पण त्या दिवसानंतर आमच्या घराण्यात ठरलं, की तिकडं काही झालं तर इथून एकच माणूस संपर्कात राहणार आणि बाकीच्यांनी त्याला विचारायचं. मामा, काका, आत्या, सगळ्यांनी. हे पाळायला पुरापेक्षा अवघड जातं. तो पोलंडमार्गे, सरकारनं सोडलेल्या विमानानं परत आला. त्याचं वजन सात किलोनं उतरलं होतं आणि पायात कुणा दुसऱ्याचेच बूट होते.

आईबापांचा आणखी एक गैरसमज असतो, माझाही होता. फी आम्ही भरतो, म्हणजे फोन केला की कॉलेज आम्हाला सगळं सांगेल. आमच्या एका सहकाऱ्यांचा मुलगा अमेरिकेत. एकदा दोन दिवस त्याचा फोन लागेना, म्हणून त्यांनी रात्री जागून कॉलेजला फोन लावला. पलीकडची बाई अतिशय गोड आवाजात म्हणाली, तो आमचा विद्यार्थी आहे की नाही हेही मी सांगू शकत नाही. तिकडं १९७४ चा फर्पा नावाचा कायदा आहे. कॉलेजात गेलेल्या मुलाच्या नोंदींवर हक्क मुलाचा, आईबापांचा नव्हे. जिवावरचा प्रसंग असेल तर संस्था सांगू शकते आणि एरवी मुलानं लेखी संमती दिली असेल तर. हे सहकारी आधी संतापले, मग म्हणाले, चूक आपलीच, एक कागद सही करून घ्यायला हवा होता. (मुलगा डोंगरात फिरायला गेला होता. तो वेगळा संताप.)

आमच्या कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला आता एक कागद चिकटवलेला आहे. लेकीचा पत्ता तिथल्या लिपीत, जसा पाकिटावर लिहितात तसा. विम्याचा क्रमांक. त्या बाईंचा आणि तुर्की मुलीचा फोन. दूतावासाचा. ११२ हा आकडा, जो तिकडंही चालतो आणि इकडंही. लेकीच्या खोलीतही असाच कागद आहे, त्यावर आमची नावं आहेत, आणि अंगठ्याएवढ्या अक्षरांत लिहिलंय, 'मी ठीक आहे' आधी, बाकीचं नंतर.

कॉलेजात मी फार काही बदलू शकले नाही. वसतिगृहाच्या अर्जात एक रकाना घालून घेतला, 'अचानक सुट्टी लागल्यास कुठे जाणार?' आणि ज्याचं उत्तर कोरं राहील त्याचं नाव मावशींकडं द्यायचं. त्यांना वाचता येत नाही, त्यामुळं नाव तोंडानं सांगावं लागतं. तेच बरं.

आता त्या जुलैकडं. जर्मनीचं पाणी ओसरलं, मैत्रीण लेकीच्याच खोलीत राहायला आली, दोघींनी चिखलानं भरलेलं सामान उपसून फेकलं. आठवडाभरानं, २३ जुलैला, लेकीचा फोन. या खेपेला घाबरण्याची पाळी तिची होती. चिपळूण बुडाल्याचं तिनं तिकडं बसून पाहिलं होतं.

"आयर्विनला किती?"

"चाळीसला टेकतंय."

"मग अजून घरात काय करायलाय?"

"बाबा म्हणतात बेचाळीसला निघू. नेहमीसारखं."

"आई, २०१९ ला पण नेहमीसारखंच होतं ना? पिशवी कुठाय?"

"पोटाशी."

"सिलिंडर?"

"वर नेला."

"आणि बोळाच्या टोकाच्या आजी? त्यांचा मुलगा पुण्याला असतो ना? त्यांना कोण नेणार?"

मी काहीच बोलले नाही. खाली रिक्षाचा भोंगा बोळाच्या तोंडाशी आला होता आणि त्यातलं एकही अक्षर त्या आजींना ऐकू येत नाही, हे सबंध गल्लीला माहीत आहे.

"आई? आहेस ना?"

"ठेव फोन," म्हटलं, आणि खुंटीवरची छत्री काढली.